परळीची राख, परळीची वीट

परळी वैजनाथच्या आसपास विटेला दोन रंग आहेत. एक लाल: मातीची, भट्टीत भाजलेली. दुसरी राखाडी: यंत्रात दाबलेली, विस्तवाचं तोंडही न पाहिलेली. औष्णिक वीज केंद्राची राख दोन्हींत असते, लाल विटेत चतकोर आणि राखाडी विटेत बहुतेक निम्म्याहून जास्त. बांधकामाच्या बाजारात राखाडी वीट ‘पर्यावरणपूरक’ म्हणून विकली जाते. माती वाचली, जळण वाचलं आणि टाकाऊ राखेचं सोनं झालं, असा तिचा दावा असतो.

दावा खोटा नाही, पण पुराही नाही. एखादा छोटा कारखाना खरोखर किती पर्यावरणपूरक असू शकतो, हे तपासायचं तर बीड जिल्ह्यात परळीच्या विटेइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण. या एका विटेत मराठवाड्याची काळी माती आहे, गोदावरीचं पाणी आहे, परमुलखातून रेल्वेने आलेला कोळसा आहे, दिल्लीत निघालेली अधिसूचना आहे आणि उचल घेऊन आलेल्या मजुराची मेहनतही आहे.

बीड जिल्ह्यात भाजकी वीट सर्रास वापरली जाऊ लागली, त्याला फार काळ लोटलेला नाही. बालाघाटच्या डोंगररांगांनी काळा पाषाण दिला होता आणि गावोगावच्या पांढरीने चिकट माती. त्या दोहोंतून इथली घरं उभी राहिली. दोन-दोन हातांच्या दगडी भिंती, मधे मातीचा गिलावा, वर लाकडी तुळया आणि लादणी, त्यावर मातीचा जाड थर. हे माळवद. उन्हाळ्यात बाहेर अंगाची लाही होत असताना आत गारवा राही. पाटील-देशमुखांच्या गढ्या तर पांढऱ्या मातीच्याच बांधलेल्या, आणि पाऊस-वारा सोसत त्यांतल्या कितीतरी आजही अर्ध्यामुर्ध्या उभ्या आहेत. घर पडलं की लाकूड पुढच्या घराला जाई, दगड पुन्हा भिंतीत बसे आणि माती जिथून आली तिथेच मिसळे. पर्यावरणाच्या कसोटीवर या बांधकामाला तोड नव्हती.

मग ते का गेलं? लाकूड महागलं, माळवदावर दरसाल माती टाकून डागडुजी करणारे हात कमी झाले आणि सिमेंटचं घर ही प्रतिष्ठेची खूण झाली. निर्णायक घाव मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे बसला. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली जवळपास आठ हजार माणसं गेली. बहुतेक जण झोपेत, आपल्याच घराच्या दगडमातीखाली दबून गेले. मातीने जोडलेल्या जाड भिंती कोसळल्या आणि माळवदाचं ओझं वरून आलं. बावन्न गावं नव्याने वसवावी लागली. त्यानंतर शेजारच्या जिल्ह्यांतही दगडमातीच्या घराकडे पाहण्याची नजर बदलली. वीट, सिमेंट आणि स्लॅब म्हणजे जीव वाचवणारं घर, हे समीकरण मनात पक्कं बसलं. पुढे घरकुल योजनांनी त्याला सरकारी आधार दिला. विटेची मागणी वाढली आणि ती पुरवायला भट्ट्या वाढल्या.

वीट या मुलखाला अनोळखी होती असं मात्र नाही. परळीहून फार लांब नसलेलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे सातवाहन काळात तगर नावाने ओळखलं जाणारं व्यापारी नगर. तिथलं त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे. मुळात ते गजपृष्ठाकार बौद्ध चैत्य होतं, असं अभ्यासक मानतात. पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटांसाठीही तेर प्रसिद्ध आहे. तेलंगणातल्या पालमपेटच्या रामप्पा मंदिराचं शिखर अशाच हलक्या विटांनी रचलेलं आहे. मातीत भुसा किंवा तत्सम काही मिसळायचं, भाजताना ते जळून जातं, मागे पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. म्हणजे मातीत परकं काही कालवून वीट सुधारणं ही एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली कल्पना नव्हे. गारा तुडवता तुडवता विठ्ठलनामात देहभान हरपलेले संत गोरोबाकाका याच तेरचे. चिखल, साचा आणि आवा यांचं ज्ञान या प्रदेशात जुनंच आहे.

अडचण होती ती काळ्या मातीची. दख्खनच्या बेसॉल्टपासून तयार झालेली ही माती कापसाला आणि ज्वारीला उत्तम, पण विटेला फार कटकटीची. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना कच्च्या विटेचं काय होत असेल हे सांगायला नको. नुसत्या काळ्या मातीची वीट वाळतानाच तडकते. म्हणून वीटभट्टीवाले नदीकाठची पोयट्याची माती शोधतात, तळ्याचा गाळ उचलतात किंवा जुन्या गावठाणाची पांढरी खणतात. ते न मिळालं तर काळ्या मातीची चिकटाई मोडायला काहीतरी कोरडं, बारीक आणि न आकसणारं मिसळावं लागतं. परळीत अशी वस्तू १९७१ पासून ढिगाने तयार होऊ लागली.

त्या वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं औष्णिक वीज केंद्र परळीत सुरू झालं. आधी ३० मेगावॉटचे दोन संच. मग १९८०, १९८५ आणि १९८७ मध्ये प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन. नव्या शतकात २५० मेगावॉटचे आणखी तीन, त्यांतला शेवटचा २०१६ मध्ये. जुने संच एकेक करून निवृत्त झाले आणि आता हे अडीचशेचे तीनच उरले आहेत. बीड जिल्ह्यात कोळशाची खाण नाही, कोळसा येतो तो रेल्वेने. निजामाच्या काळात विकाराबादहून बीदरमार्गे आलेल्या लोहमार्गाने परळी आधीच जंक्शन झालं होतं, ते इथे कामी आलं.

भारतीय कोळशाची खोड म्हणजे त्यातली राख. शंभर किलो जाळले की तीस ते पंचेचाळीस किलो राख उरते. आयात कोळशात हे प्रमाण दहा-वीस किलोंवर थांबतं. परळीचा ढोबळ हिशेब मांडून पाहावा. तिन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला एक कोटी ऐंशी लाख युनिट वीज तयार होईल. एका युनिटला सुमारे सातशे ग्रॅम कोळसा धरला तर रोज साडेबारा हजार टन जळेल आणि साडेचार ते पाच हजार टन राख मागे राहील. वीस टनांच्या टिप्परने ती न्यायची तर रोज सव्वादोनशे ते अडीचशे खेपा होतील. संच वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, पण प्रश्नाचा आकार कळायला एवढं पुरे.

ही राख दोन प्रकारची असते. धुरासोबत वर जाणारी, पिठासारखी बारीक उडती राख, म्हणजे फ्लाय अॅश, एकूण राखेत सुमारे चार पंचमांश भरते. उरलेली जाडसर राख बॉयलरच्या तळाशी पडते. कोरडी उडती राख उंच टाक्यांत साठवून बंद बल्करमधून सिमेंट कारखान्यांकडे जाते. बाकीची पाण्यात कालवून नळाने राखेच्या तळ्यात सोडतात. परळीचं असं तळं दादाहरी वडगावच्या शिवारात आहे. पाणी निथळलं, ऊन चढलं आणि वारा सुटला की त्या तळ्याचा पृष्ठभाग उडू लागतो. आजूबाजूच्या गावांना ही राख पिकांच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि पाण्याच्या भांड्यांवर दिसते. जी श्वासावाटे आत जाते ती दिसत नाही.

अशा राखेला कोणी गिऱ्हाईक मिळत असेल तर वीज केंद्राला ते हवंच होतं, आणि वीटभट्टीवाल्यालाही राख हवी होती. काळ्या मातीत ती मिसळली की तडे कमी जातात आणि वीट लवकर वाळते. राखेत थोडा न जळलेला कोळसा शिल्लक असतो, तो विटेच्या पोटात जळून भट्टीचं जळण काही अंशी वाचवतो. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळी माती आणि राख यांच्या मिश्रणावर काम केलं आहे. परळीच्या परिसरात भट्ट्या दाटल्या त्यामागे हा व्यवहार आहे. राख जवळ, बाजार जवळ, रस्ता जवळ.

देशपातळीवर मात्र राखेचे डोंगर वाढतच होते. १९९६-९७ मध्ये देशात सुमारे ६.९ कोटी टन राख तयार झाली आणि तिच्यातली दहा टक्केसुद्धा कामी आली नाही. १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली. कोळशावरच्या वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीची वीट करायची तर मातीत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळलीच पाहिजे, आणि केंद्रांनी ती निदान दहा वर्षं फुकट द्यावी. २००३ मध्ये ही कक्षा १०० किलोमीटर झाली. तेव्हा बीड शहरापर्यंत आणि तिकडे लातूरपर्यंतचा वीटधंदा परळीच्या राखेच्या वर्तुळात आला. २०१६ मध्ये ही कक्षा ३०० किलोमीटरपर्यंत गेली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सगळी राख वापरण्याची सक्ती केली आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपयांची भरपाई लावली. २०२१-२२ मध्ये देशातली राख २७ कोटी टनांवर गेली होती आणि कागदोपत्री तिच्यातली ९६ टक्के वापरली गेली होती. सिमेंट, रस्त्यांचे भराव, खाणी बुजवणं आणि विटा ही तिची मुख्य गिऱ्हाइकं.

कायद्याने लाल विटेला किती हिरवं केलं, हे मातीपासून मोजायला हवं. नेहमीच्या मापाची वीट तीन किलोंच्या आसपास भरते. लाख विटांना तीनशे टन माती लागते, म्हणजे साधारण दोनशे घनमीटर. एका एकरावरची दोन इंच माती खरवडली की एवढी भरते. पाव हिस्सा राख मिसळली तर दोन इंचांऐवजी दीड इंच जाते. अर्धा इंच वाचणं ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे, कारण इंचभर माती घडायला शेकडो वर्षं लागतात. पण दीड इंच जातेच, आणि जाते ती वरची, कसदार. कर्जबाजारी शेतकरी एका हंगामाच्या पैशासाठी वावराची माती विकतो तेव्हा पुढच्या कित्येक हंगामांचं पीक विकलेलं असतं. तळ्याचा गाळ वापरणं हा चांगला मार्ग आहे, पण त्या गाळावर शेताचाही हक्क आहे. राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना नेमकी त्यासाठीच आली.

मग जळण. उत्तर भारतात जमिनीत खाच खणून बांधलेली, धुराड्याची भट्टी चालते. ती १८७६ मध्ये बुल नावाच्या इंग्रज अभियंत्याने आणली. तिला लाख विटांमागे साधारण १६ ते २० टन कोळसा लागतो. महाराष्ट्रात बहुतांशी भट्टी उघडी असते. कच्च्या विटांचे थर, मधे कोळशाची चुरी, बगॅस, पऱ्हाट्या, तुराट्या, जे हाती लागेल ते, आणि बाहेरून मातीचा लेप. ती पेटवली की कित्येक दिवस धुमसते. धुराडं नाही, त्यामुळे धूर जमिनीलगतच पसरतो. आच सगळीकडे सारखी लागत नाही. मधल्या विटा जळून खंगर होतात, कडेच्या कच्च्या राहतात, आणि दोन्हींवरचं जळण वाया जातं. २२ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने नागमोडी हवेच्या भट्ट्यांकडे वळण्याची मुदत दिली. त्या पद्धतीत हवा वळणं घेत विटांमधून फिरते, कोळसा पुरता जळतो आणि धूर कमी होतो. पण तिला पक्कं बांधकाम लागतं, जाणकार जळाईवाला लागतो आणि वर्षानुवर्षं एकाच जागी राहणारी भट्टी लागते. भाड्याच्या वावरात दोन-तीन हंगाम थापून पुढे सरकणाऱ्या धंद्याला हे परवडत नाही.

राखाडी वीट या कटकटीतून सुटका देईल, असं वाटलं होतं. तिचा भारतीय इतिहास विशाखापट्टणमला सुरू होतो. तिथल्या एन. भानुमतीदास आणि एन. कालिदास या दोघांनी राख, चुना आणि जिप्सम यांच्या मिश्रणाचं ‘फाल-जी’ तंत्र विकसित केलं. त्याला भट्टी लागत नाही. राखेतली सिलिका चुन्याशी पाण्याच्या साक्षीने हळूहळू जोडली जाते आणि दगडासारखी घट्ट होते. रोमन लोक ज्वालामुखीच्या राखेत चुना मिसळून बंदर बांधत, त्याच कुळातली ही क्रिया. भारतीय मानक संस्थेने राख-चुन्याच्या विटेसाठी आयएस १२८९४ हे मानक केलं. छोट्या उद्योजकाला हे सोयीचं होतं. एक मिक्सर, एक दाबयंत्र, लाकडी पाट्या, पाण्याची टाकी आणि सात-आठ माणसं एवढ्यावर कारखाना उभा राहतो. धूर नाही, आणि हंगामही जवळजवळ बाराही महिने.

प्रत्यक्षात चुना-जिप्समची जागा बहुतेक ठिकाणी सिमेंटने घेतली. सिमेंट कुठेही मिळतं, वीट लवकर धरते आणि माल लवकर विकता येतो. हिरव्या हिशेबात खोट येते ती इथे. विटेत आठ-दहा टक्के सिमेंट धरलं तर लाख विटांना २४ ते ३० टन सिमेंट लागतं, आणि साध्या सिमेंटच्या प्रत्येक टनामागे आठशे-नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे कारखान्याच्या आवारात धूर दिसत नाही, तो सिमेंटच्या कारखान्यात आधीच निघून गेलेला असतो. खाचेच्या चांगल्या भट्टीशी तुलना केली तर फरक बेताचाच राहतो. उघड्या भट्टीशी केली तर तो भरपूर वाढतो. चुना एखाद्या रासायनिक उद्योगाचं उपउत्पादन असेल तर राखाडी वीट खरोखर पुढे जाते. सिमेंट सढळ हाताने ओतलं तर ती मागे येते. तिच्यात वापरली जाणारी खडी क्रशरची कचही कुठल्यातरी डोंगरातूनच येते.

दुसरी गोष्ट पाण्याची. दाबलेली वीट निदान दोन आठवडे ओली ठेवावी लागते, नाहीतर ती धरत नाही. बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरात, तोही बेभरवशाचा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाच्या हद्दीत बोअर मारून विटांवर पाणी मारायचं, याला पर्यावरणपूरक म्हणताना जीभ अडखळते. आणि बचतीसाठी पाणी मारणं कमी केलं की वीट ठिसूळ निघते. कोपरे झडतात, प्लास्टर सुटतं, आणि गिऱ्हाईक ‘राखेची वीट नको’ म्हणत पुन्हा लाल विटेकडे वळतं.

पाण्यानेच या धंद्याचं खरं अवलंबित्व उघडं केलं. परळीच्या वीज केंद्राला गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून पाणी येतं. फेब्रुवारी २०१३ च्या दुष्काळात ते आटलं आणि केंद्र बंद पडलं. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तेच झालं. हा तोच काळ, ज्याच्या शेवटी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावं लागलं. संच थांबले की कोळसा जळत नाही, आणि कोळसा जळला नाही की ताजी कोरडी राख निघत नाही. उरते ती तळ्यात साठलेली ओली, जाड-बारीक मिसळलेली राख, जिची गुणवत्ता सारखी नसते. विटेच्या छोट्या कारखान्याने स्वतःचं सगळं काम चोख केलं असलं तरी त्याचा कच्चा माल नदीच्या पाण्यावर आणि कोळशाच्या वाघिणींवर टांगलेला होता.

छोट्या उद्योगाचा हिरवेपणा अनेकदा असा उसना असतो. राखेची वीट चांगली ठरते, कारण शेजारी राख करणारं मोठं धूड आहे. ते नसतं तर मुद्दाम कोळसा जाळून कोणी राख केली नसती. विटेने वाचवलेली माती विटेच्या खात्यावर टाकायची आणि राख निर्माण करताना वर गेलेला धूर विजेच्या खात्यावर, अशी ही वाटणी आहे. ती गैर नाही, कारण वीज विटांसाठी तयार झालेली नसते. पण फुकटची राख विकत घ्यावी लागू लागली, तिच्या निविदा निघू लागल्या, की ती टाकाऊ राहत नाही. तिच्यातून वीज केंद्रालाही उत्पन्न मिळतं आणि मधल्या माणसांनाही. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला परळीतल्या राखेच्या बेकायदा वाहतुकीच्या बातम्या राज्यभर गाजल्या. कोणाच्या टिप्परने राख उचलायची यावर गावची सत्ता ठरू लागली, तर त्या राखेची वीट कितीही मातीबचतीची असो, तिच्या मागचा व्यवहार स्वच्छ म्हणता येत नाही.

रस्त्याचाही हिशेब धरायला हवा. ताडपत्री न झाकता भरधाव जाणाऱ्या टिप्परमधून वाटेवरच्या प्रत्येक वस्तीला राखेचा हप्ता मिळतो. तिच्यात सिलिका असते, शिवाय आर्सेनिक, शिसं, पारा अशा जड धातूंचे अंशही. पक्क्या विटेत ते बऱ्यापैकी बंदिस्त राहतात, मोकळ्या हवेत नाही. म्हणून राख विटेत जाणं हे तळ्यात पडून राहण्यापेक्षा चांगलंच. तळ्यापासून विटेपर्यंतचा तिचा प्रवास मात्र ओला आणि झाकलेला असायला हवा. त्याला खर्च फारसा नाही, देखरेख लागते.

आणि माणसं. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे इथून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून उचल घेऊन हंगाम बांधला जातो. वीटभट्टीचा हंगामही त्याच महिन्यांचा आणि पद्धतही तीच: उचल आधी, काम नंतर, हिशेब हंगामाच्या शेवटी. दाम हजारावर. पहाटे गारा करायचा, साच्यात विटा पाडायच्या, उलटायच्या, रचायच्या. एक जोडपं दिवसाला हजार-दीड हजार विटा पाडतं, आणि आकडा गाठायला पोरंही हाताशी लागतात. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे, पण उचलीचं गणित त्याला वळसा घालून जातं. राखाडी विटेच्या कारखान्यात मजूर बहुधा आसपासचा, पगारावरचा असतो, पोरं साच्याशी बसत नाहीत. हा फायदा कार्बनच्या हिशेबात कुठेच धरला जात नाही. त्याच कारखान्यात मिक्सरपाशी तोंडाला रुमाल बांधून कोरडी राख ओतणारा माणूसही असतो. त्याची मुखपट्टी आणि त्याची आरोग्य तपासणी हीसुद्धा ‘पर्यावरणपूरक’ या शब्दाची किंमत आहे.

या सगळ्याचा निकाल असा लागतो. राखाडी वीट उघड्या भट्टीच्या लाल विटेपेक्षा बरी, यात शंका नाही. माती वाचते, गावचा धूर थांबतो आणि राखेच्या तळ्यावरचा भार हलका होतो. सिमेंट जपून वापरलं, वीट सावलीत गोणपाटाखाली भिजवली, टाकीतलं पाणी फिरवून वापरलं आणि राख झाकून आणली तर एवढासा कारखाना बराच निर्मळ होऊ शकतो. निर्दोष तो होऊ शकत नाही. त्याचा मूळ माल कोळशाचा आहे आणि देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलं आहे. परळीच्या तळ्यातली साठलेली राख आणखी काही वर्षं पुरेल, पण हा धंदा कायमचा नाही. आज यंत्र घेणाऱ्या तरुणाने कर्जाचे हप्ते मोजताना हे धरून चालावं.

मोठी बचत तर कारखान्यात नाहीच, ती भिंतीत आहे. लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेली पोकळ बांधणी, ज्यात विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवतात, सुमारे पाव हिस्सा विटा वाचवते आणि वर घरही थंड ठेवते. जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीतला घडीव दगड जोत्याला वापरता येतो. भूकंपाच्या भीतीने आपण माळवदाबरोबर त्याचा शहाणपणाही टाकून दिला, पण सिमेंटचे पट्टे घालून दगड आणि माती आजही सुरक्षितपणे वापरता येते. लागत नाही ती वीट सगळ्यांत पर्यावरणपूरक, मग तिचा रंग कुठलाही असो.

म्हणून घर बांधणाऱ्याने विटेचा भाव विचारताना आणखी चार गोष्टी विचाराव्यात. राख कुठून आणि कशी आली, सिमेंट किती टाकलं, पाणी किती दिवस मारलं, आणि काम करणाऱ्याला मजुरी रोजावर मिळते की उचलीवर. या चार प्रश्नांची सरळ उत्तरं देणाऱ्याकडूनच वीट घ्यावी.